कोर्टावर दोन आज्या

बसवनगुडी
सोमवार, ३ नोव्हेंबर

संयू,

आधी दारात उभ्या असलेल्या मुलीला पाणी विचार, मग पत्र वाच. ती धनलक्ष्मी आहे, आपल्या क्लबातली, तुझीच धनू. आता जेवणाच्या पिशव्या घेऊन स्कूटरवर सबंध सर्जापूर रोड पालथा घालते. तुमच्या इमारतीत तिला पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये चढू देत नाहीत म्हणे, मागच्या सामानाच्या लिफ्टनं पाठवतात. तुझ्या मुलाला सांग, या विषयावर मी त्याच्याशी बोलणार आहे. तो शाळेत असताना मी त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या आहेत, अजूनही लावीन.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस म्हणून हे पत्र. पत्र ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणारी नव्हेस. शेंगांच्या पुडीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून घडी घालून ठेवणारी तू.

तर बातमी ऐक. लीगवाल्यांनी आपल्याला परत घेतलं! संयू, परत घेतलं! मी हॉलमध्ये फोन ठेवला आणि या वयात चक्क उडी मारली. आपल्या पोरींनी एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या मठातून माणूस विचारायला आला, काय झालं म्हणून.

गेल्या वर्षी हाकलून दिल्यावर मला वाटलं होतं, संपलं. मंडळाच्या हॉलमागच्या आवारातल्या आपल्या क्लबाचं नाव काढलं की बाकीच्या वस्त्यांचे क्लब नाकं मुरडायचे. 'ती मारामारी करणारी पोरं.' जणू यांच्याकडे सगळी संध्या करणारीच जमली आहेत! अगं, हे क्लब काढलेच कुणासाठी? शाळा सुटलेल्या, घरी मार खाणाऱ्या, पोलीस ज्यांना नावानं हाक मारतात अशा पोरांसाठी. बाकीच्यांची मुलं संध्याकाळी ट्यूशनला जातात.

आता लीगचा नवा नियम सांगते, आणि तू हसशील हे मला ठाऊक आहे. थ्रोबॉलच्या प्रत्येक संघात सात जणी, त्यांतल्या दोघी साठीच्या पुढच्या. त्यांनी नुसतं बाकावर बसायचं नाही, शिट्टीपासून शिट्टीपर्यंत कोर्टावर उभं राहायचं. सगळे त्याला 'अज्जी रूल' म्हणतात. कारण उघड आहे. शेजारी आजी उभी असली की पोरी शिवी गिळतात, हात उचलणं तर लांबच. हा नियम आपल्या मारामारीमुळेच झाला, म्हणजे एका अर्थी तो आपलाच. मला अज्जी म्हटल्याबद्दल मी लीगच्या सेक्रेटरीला फोनवर चांगलं झाडलं. मग त्यानं जन्मसाल विचारलं, तेव्हा मुकाट्यानं सांगितलं.

म्हणजे पहिली अज्जी मी. डावा गुडघा वाकत नाही, त्या बाजूला खाली आलेला बॉल मला देवसुद्धा उचलून देणार नाही, पण उभी तर राहते! दुसरी अज्जी अजून मिळालेली नाही. दुसरी नसेल तर संघ बाद. आणि मंडळाचे अध्यक्ष नरसिंहराव टपूनच बसले आहेत. त्यांनी कमिटीत सांगून टाकलंय, या वर्षी लीग धड पार पडली नाही किंवा एक जरी भांडण झालं, तर जानेवारीपासून मागच्या आवारात मोटारी लागतील आणि क्लबानं दुसरी जागा बघावी. दुसरी जागा कुठं आहे या गावात?

मी तुला बोलावत नाहीये. फक्त कळवतेय.

वसू


बसवनगुडी
बुधवार, १२ नोव्हेंबर

संयू,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. धनूला तू पाणी दिलंस, वर चकल्या दिल्यास, पत्र घेऊन आत गेलीस आणि दार लावलंस, एवढा अहवाल मिळाला. ती म्हणाली, "वसू अक्का, संयोगिता अक्कांनी पत्र लगेच नाही उघडलं, पदराला पुसलं आधी." काय पुसत होतीस गं? माझं तोंड?

आणखी एक सांगितलं तिनं. तुझे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट दाराबाहेर वाळत होते आणि त्यांना लाल माती लागली होती. एकोणिसाव्या मजल्यावर लाल माती कुठून आली? मी म्हटलं, सुनेच्या कुंड्या असतील. संध्याकाळी तू घरी नसतेस, असंही वॉचमन तिला म्हणाला. फिरायला जात असशील. चांगलं आहे. तुझी शुगर तशीही मापात नव्हती.

इकडे सराव सुरू झाला आणि माझ्या अंगात वारं शिरलंय. रोज साडेपाचला आवारात पाणी मारायचं, रांगोळीनं कोर्टाच्या रेघा ओढायच्या, नेट बांधायचं. आपलं जुनं नेट मध्ये फाटलं होतं, ते पोरींनी चपलांच्या दुकानातल्या जाड दोऱ्यानं शिवून काढलं. मी शिट्टी गळ्यात घातली की बत्तीस वर्षांची नोकरी परत अंगावर येते. परवा माझ्या ओरडण्यानं पलीकडच्या गल्लीतला पोस्टमन सायकलवरून उतरून सावधान उभा राहिला. माझा जुना विद्यार्थी निघाला!

पोरी सुधारल्या आहेत, संयू. झेलताना बॉल छातीला लावत नाहीत, तीन सेकंदांच्या आत फेकतात, पाय हलवतात. आणि आमच्या कॅप्टनची सर्व्हिस! ती उडी मारून हात फिरवते तेव्हा मी श्वास धरून ठेवते. कॅप्टन कोण ते विचारू नकोस, एवढ्यात सांगणार नाही. पण एक गंमत सांगते, फक्त तुला. लांब सर्व्हिस टाकायची असली की ती आधी वेणी खांद्यावरून मागे टाकते. आखूड टाकायची असली की वेणीला हात लावत नाही. दर वेळी! तिला स्वतःला माहीत नाही. मी सांगत नाही, उगाच हात बिघडायचा.

तुला आठवतं, कॉलेजच्या संघात आपणही सात जणींत दोघी एकत्र असायचो? तू पुढे, नेटपाशी, मी मागे. तू मागे न बघता नुसतं "वसू" म्हणायचीस आणि बॉल माझ्याकडे सोडून द्यायचीस. आता पुढच्या जागी मी एक लाकडी खुर्ची ठेवून सराव करते, दुसरी अज्जी म्हणून. खुर्ची चांगली आहे, उलट बोलत नाही.

लीगमध्ये या वर्षी नवे क्लबही घेतलेत, पार शहराच्या कडेचे. चढाओढ होणार. सामने रविवारी, ३० तारखेला, इथल्याच हायस्कूलच्या मैदानावर. हेही फक्त कळवतेय.

वसू


बसवनगुडी
गुरुवार, २० नोव्हेंबर

संयू,

परिषा झाली, आपली शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोडवर अजून शेंगांची टरफलं पायाखाली कुरकुरतात. तुझ्यासाठी भाजलेल्या शेंगा धनूच्या पिशवीतून पाठवल्या आहेत. तेवढ्या तरी घे.

आता बस आणि पुढचं वाच. कॅप्टन हर्षिता आहे.

बसली आहेस ना? उठू नकोस. तुझा चढलेला आवाज मला इथवर ऐकू येतोय. होय, तीच हर्षिता. गेल्या वर्षी समोरच्या मुलीनं तिला "जेलवाल्याची बहीण" म्हटलं आणि हिनं हातातला बॉल तिच्या तोंडावर मारला. ओठ फुटला, दात हलला, पंचांनी संघ बाहेर काढला. तू त्या मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस आणि परत आलीस ती ठरवूनच. "वसू, ही राहील किंवा मी राहीन." मी म्हटलं, ही. तू चपला घातल्यास, पिशवी उचललीस आणि गेलीस. पुढच्या महिन्यात ऐकलं, सर्जापूर रोडला मुलाकडे राहायला गेलीस.

आजही कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन. तुला मुलगा आहे, घर आहे. तिला आम्ही सोडलं असतं तर गल्लीच्या तोंडाशी कोण कोण तिची वाट बघत होतं, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. फक्त तू खरंच जाशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, कोपऱ्यावरून दोन कॉफ्या पिऊन परत येशील.

पण तुला जे ठाऊक नाही ते सांगते. क्लबाचा तो नियम तूच केला होतास ना? 'ज्याला मारलं, त्याच्या घरी जाऊन जेवायचं.' माफी काय, तोंडानं कुणीही मागतं. पण जिच्या मुलीचा ओठ फोडला त्या बाईच्या समोर बसायचं आणि ती वाढेल ते खायचं, भले भले कापतात त्याला. तू गेल्यावरही मी तो नियम सोडला नाही. हर्षिताला घेऊन गेले. मुलीच्या आईनं ताट मांडलं, भात वाढला, सारू वाढलं. हर्षिता मान खाली घालून जेवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अक्का, त्यांनी मला दुसऱ्यांदा इचारून वाढलं." आणि रस्त्यात उभी राहून अशी रडली, अशी रडली, की फुलवाल्या गोळा झाल्या. आता ती त्या घरी परत परत जाते. ती मुलगी आणि ही एकत्र दहावीला बसणार आहेत, बाहेरून. मी खोटं सांगत असेन तर माझी शिट्टी काढून घे.

गेल्या आठवड्यात सरावात नवीन आलेल्या एका पोरीनं तिला मुद्दाम ढकललं. मी शिट्टी तोंडाशी नेली, जीव मुठीत धरला. हर्षितानं बॉल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, पार बोटं पांढरी होईपर्यंत, आणि म्हणाली, "स्वल्प बाजूला हो, सर्व्हिस माझी हाय." संपलं! एवढंच! मी घरी येऊन एकटीच हसत बसले.

तर आता कळवणं पुरे. संयू, ये. मी बोलावतेय तुला. रविवारी तीसला सकाळी. दुसरी अज्जी तू हो. ती पोरगी रोज मला विचारते, "संयोगिता अक्का येतील का?" आणि मी रोज म्हणते, बघू. क्लब राहावा म्हणून ये, नाही तर माझ्यासाठी ये. मला तुझ्याशिवाय मागे उभं राहता येत नाही. पुढून कुणी "वसू" म्हणत नाही.

वसू


बसवनगुडी
गुरुवार, २७ नोव्हेंबर

संयोगिताबाई,

शेंगा घेतल्यात, उत्तर नाही. सरी, बरं तर! माझ्याही नाकावर राग आहे आणि तो तुझ्यापेक्षा जुना आहे.

तुझ्यावाचून आमचं अडलेलं नाही. दुसरी अज्जी मिळाली! मी खरं तर तुला कळवणारच नव्हते, पण आनंद पोटात राहत नाही, कुणाला तरी सांगायलाच हवं आणि सांगायची सवय तुझीच लागली आहे.

अंबूबाई. हर्षिताची आजी. गांधी बाजारात देवळाच्या कोपऱ्यावर फुलं विकते ती, निपाणीकडची, हिरवं लुगडं, गालावर गोंदण. सोमवारी हर्षितानं तिला हाताला धरून आणलं. मी म्हटलं, "अंबूबाई, कधी बॉल धरलाय का?" तर म्हणाली, "न्हाई की! पर ट्रकावरनं शेवंतीची गाठोडी झेलतो की रोज सकाळी. ह्यो बॉल काय, त्याला वजन तरी हाय का?" आणि मी टाकलेला पहिला बॉल तिनं असा अलगद झेलला की पोरींनी टाळ्या पिटल्या. नियम समजावून सांगितले. ती म्हणाली, "आयतु, झालं, समदं कळलं. फकस्त एक सांगा, समोरचीनं टाकला तर परत तिलाच द्यायचा व्हय?" मी म्हटलं, जिला झेलता येणार नाही तिला द्यायचा. तेव्हा तिचे डोळे चमकले. "म्हंजे गिऱ्हाइकासारखंच की."

एकच घोटाळा आहे. गाठोडं छातीशी कवटाळायची सवय. सरळ आलेला बॉल ती छातीशी धरते आणि फाउल होतो. डोक्यावरून आलेला, बाजूनं आलेला, सगळे झेलते, नाकासमोरचा मात्र गेला. समोरच्यांना हे कळलं तर आमचं काही खरं नाही. पण कळणार कसं?

म्हणजे बघ, मागे मी लंगडी, पुढे अंबूबाई बॉलला मिठी मारणारी, मधे हर्षिता आणि वेणी. असा आमचा संघ. आणि तरी सांगते, काल सरावात आम्ही असे खेळलो की नरसिंहराव संध्याकाळच्या फिरण्याला निघालेले कठड्यापाशी थांबले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. वर मला शहाणपण शिकवलं, "वसुमती, त्या उंच मुलीला पुढे घ्या." मोटारी लावणार होते ना आवारात?

भीती वाटतेच. रविवारी समोरून कुणी हर्षिताच्या भावावरून बोललं तर? मी तिच्यापासून चार पावलांवर असेन, पण गुडघा असा. तू असतीस तर तिच्या शेजारी उभी असतीस.

जाऊ दे. धनूला पुन्हा दारात उभी करू नकोस. आत बोलाव.

वसुमती


बसवनगुडी
सोमवार, १ डिसेंबर

संयू! अगं लबाड! अगं चोरटे!

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं तर वाच. तू तिथंच होतीस, तरी सगळं लिहिणार आहे, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुला कळायलाच हवं.

तू पलीकडच्या कोर्टावर होतीस, म्हणून आमचे पहिले दोन सामने तू पाहिले नाहीस. अंबूबाईनं लुगड्याचा काष्टा मारला, केसात शेवंती माळली आणि उभी राहिली. पहिल्या सामन्यात तिनं झेललेले बॉल बघून समोरची अज्जी, कुणी निवृत्त प्राध्यापिका होती, पंचांना विचारायला लागली की ही राष्ट्रीय खेळाडू तर नव्हे? हर्षिताच्या सर्व्हिसवर लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या सामन्यात एका पोरीनं खरंच तिच्या भावाचं नाव काढलं. मी हलणार, तेवढ्यात अंबूबाई नेटपाशी गेली आणि जाळीतून म्हणाली, "पोरी, त्यो माझा नातू हाय. चुकला त्यो. तू चुकू नगो." पोरगी एवढीशी झाली. सामना पुढे सुरू झाला. तेव्हाच मला पटलं, अज्जी रूल करणाऱ्याला नमस्कार घालायला हवा.

आणि मग फायनल. माइकवरून नाव पुकारलं, "सर्जापूर रोड शेड-क्लब." मला काही वाटलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुरांच्या पोरी असतील, इमारतींच्या मागच्या. रांगेनं आल्या, एकेकीच्या पायात वेगवेगळे बूट. आणि सगळ्यांच्या शेवटी ते पांढरे कॅनव्हासचे बूट, लाल मातीनं माखलेले.

मी वर बघितलं. तू! कमरेला पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी!

माझ्या तोंडून काय निघालं ते लिहीत नाही, पंच शेजारीच होते. संध्याकाळी फिरायला जातेस म्हणे! शुगर म्हणे! वर्षभर त्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरी जमवून, क्लब काढून, अज्जी होऊन बसलीस आणि मला कळवायची बुद्धी झाली नाही. मी मात्र माझं सगळं पोट तुझ्यापुढे उघडून ठेवलं होतं!

ते तर मला पहिल्या सेटमध्येच कळलं. तुझ्या पोरींनी पहिला बॉल अंबूबाईच्या नाकासमोर टाकला. छातीला लागला, फाउल. दुसरा नाकासमोर. तिसरा नाकासमोर. मी म्हटलं, योगायोग. मग हर्षितानं वेणी मागे टाकली आणि तुझ्या सगळ्या पोरी शिट्टीच्या आधीच दोन पावलं मागे सरकल्या. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. संयू, तू माझी पत्रं त्या पोरींना पाठ करून घेतलीस की काय?

पहिला सेट गेला. मध्यंतरात मला पोरींना सांगावं लागलं. "पोरींनो, यांना आपलं सगळं ठाऊक आहे. मीच लिहून कळवलंय." मग हर्षिता हसायला लागली, पोट धरून. "अक्का, म्हंजे मी येणी टाकतो हे तुमास्नी म्हाईत होतं? आन मला सांगितलं न्हाई?" अंबूबाई म्हणाली, "बरं झालं की! आता उलट करा."

म्हणून दुसरा सेट. तिनं वेणी झोकात मागे टाकली, तुझ्या पोरी मागे पळाल्या, आणि सर्व्हिस नेटवरून अलगद उतरून पुढ्यात मेली. तुझा चेहरा! जन्मभर विसरणार नाही. पदरानं तोंड दाबून हसत होतीस, मी बघितलं. सेट आमचा. मागे वळून बघते तर नरसिंहराव खुर्चीवर उभे राहून ओरडताहेत, "हर्षिता, शॉर्ट! शॉर्ट टाक!" धोतराचा सोगा सुटला होता, त्याचंही भान नाही.

आणि तिसरा. बरोबरीवरून शेवटचा गुण, जो घेईल त्याचा चषक. सर्व्हिस हर्षिताची. समोर, थेट तिच्या रेषेत, तू.

गेल्या वर्षी याच पोरीनं समोरच्या तोंडावर बॉल मारला होता आणि तू तिच्यामुळे क्लब सोडून गेली होतीस, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तिला तर होतंच. माझ्या मनात आलं, आता ही हळू टाकणार. म्हातारी आहे, रागावलेली आहे, जपून टाकू. संयू, तिनं वेणीला हात लावला नाही. तुझ्याकडे बघितलं, उडी मारली आणि पूर्ण ताकदीनं तुझ्या हातांत टाकला. तोंडावर नाही, पायात नाही, हातांत. चटका बसला असेल. तू झेललास. दोन पावलं मागे गेलीस, पण झेललास, आणि तिच्याकडे बघून मान हलवलीस. एवढीशीच. पण तिनं टिपली.

आणि मग तू म्हणालीस, "वसू."

अगं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी म्हणायचीस तसं! मी वेडी, सवयीनं पुढे आले, आणि बॉल आला माझ्या डाव्या गुडघ्याच्या बाजूला, खाली, अगदी मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं तिथं. बोटांना लागला आणि सुटला.

चषक तुझा.

मी तिथंच बसले, मातीत. पोरी धावत आल्या, त्यांना वाटलं मला लागलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हरल्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण बॉल त्या गुडघ्याकडे आला तेव्हा मला कळलं की तू एकही ओळ गाळलेली नाहीस. महिनाभर मी दगडाशी बोलतेय असं वाटत होतं, आणि तू शब्द न् शब्द वाचत होतीस!

तू नेटखालून हात दिलास, मला उठवलंस आणि काय म्हणालीस? "गुडघ्याला शेक दे." एका वर्षानंतर पहिलं वाक्य! मी लुगड्याची माती झटकत राहिले. सुचलं ते हर्षिताला. ती मधे येऊन उभी राहिली, मान खाली घालून, पण आवाज खणखणीत. "संयोगिता अक्का, नियम हाय. तुमी आमच्या वसू अक्काला हरवलं, म्हंजे मारलंच की. तिच्या घरी जेवायला यायला लागतंय. नियम तुमीच केलाय." मग तिच्या खांद्यावर हात ठेवलास, म्हणालीस, "बघते." आणि तुझ्या पोरी टेंपोतून हाका मारायला लागल्या म्हणून गेलीस.

नरसिंहरावांनी हॉलच्या पायरीवर सगळ्यांना कॉफी पाजली आणि जाहीर केलं की मागच्या आवारात मोटार दिसली तर चाकाची हवा ते स्वतः सोडतील. कुणी भांडलं नाही. अंबूबाई एवढंच म्हणाली, पुढच्या वर्षी ती छातीला पाटी बांधून येणार आहे.

तर आता ऐक. 'बघते' हे उत्तर मला चालत नाही. बाजारात अवरेकाळू, त्या वालाच्या शेंगा, आल्यात, कोवळ्या, वासानं पिशवी भरून जाते. पाटीभर आणून ठेवल्या आहेत, आणि सोलायला हर्षिता येऊन बसली आहे. मधेमधे दाराकडे बघते आणि मी बघतेय का तेही बघते. नियम क्लबाचा आहे आणि केलेला तू आहेस. हर्षिता वाढेल ते खायचं, दुसऱ्यांदा विचारलं तर नाही म्हणायचं नाही.

धनू हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभी आहे. तिला मी सांगितलंय, उत्तर घेऊन परत येऊ नकोस. स्कूटरच्या डिकीत दुसरं हेल्मेट आहे. डोक्यात घाल आणि मागे बस. आणि खाली येताना पुढच्या लिफ्टनं या, दोघीजणी.

वसू